पाटीपूर्वीचे शिक्षण

(ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आजच्या संमेलनाचा मुख्य सोहळा गुणवंत विद्यार्थ्यांच्या गौरवाचा आहे. दहावी-बारावीच्या परीक्षांत यश मिळविलेली आपली मुले-मुली थोड्याच वेळात या व्यासपीठावर येतील, अध्यक्षांच्या हस्ते पारितोषिके स्वीकारतील, आणि समोर बसलेल्या त्यांच्या माता-पित्यांच्या कष्टांचे चीज होईल. त्या आनंदात मीही मनापासून सहभागी आहे. परंतु ज्या व्यासपीठावरून आपण सोळा वर्षांच्या मुलाचे कौतुक करतो, त्याच व्यासपीठावरून आज मला तीन वर्षांच्या मुलाविषयी, किंबहुना ज्याचे बारसेही अद्याप व्हावयाचे आहे अशा बालकाविषयी चार शब्द बोलावयाचे आहेत.

आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थांनी शिक्षणाच्या कार्यास हात घातला तो एका स्पष्ट जाणिवेतून. गावाकडचा हुशार मुलगा शहरी शाळेपर्यंत पोहोचत नसे. कारण त्यास राहावयास छप्पर नव्हते आणि दोन वेळच्या जेवणाची सोय नव्हती. ही अडचण ओळखून राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगची स्थापना करविली आणि पुढे अनेक जातिधर्मांच्या विद्यार्थ्यांसाठी एकामागून एक वसतिगृहे उभी राहिली. १९१७ साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा हुकूम काढला. त्यापूर्वी, १९०६ साली, सयाजीराव महाराजांनी बडोदे संस्थानात तोच नियम लागू केला होता. या दोन्ही थोर पुरुषांपासून एक धडा घेण्याजोगा आहे. मूल नेमके कोठे अडते ते त्यांनी पाहिले आणि तेथेच मदतीचा हात दिला. आपल्या शिष्यवृत्त्या व पारितोषिके ही त्याच परंपरेतील आहेत. मात्र प्रत्येक पिढीने हा प्रश्न नव्याने विचारावयास हवा, की आज आपले मूल अडते ते कोठे?

उत्तर शोधण्यास फार दूर जावयास नको. ‘प्रथम’ या संस्थेच्या प्रेरणेने २००५ सालापासून देशाच्या ग्रामीण भागात ‘असर’ नावाची पाहणी होत आली आहे. कार्यकर्ते घरोघर जातात आणि मुलासमोर दुसरीच्या पुस्तकातील असावा असा एक साधा उतारा ठेवतात. तिसरीत शिकणाऱ्या मुलांपैकी तो सहज वाचू शकणारी मुले २०१८ साली शेकडा २७ च्या आसपास होती. महासाथीच्या काळात शाळा बंद राहिल्यानंतर, २०२२ साली, हे प्रमाण सुमारे साडेवीसपर्यंत घसरले, आणि २०२४ साली ते पुन्हा २७ वर आले. म्हणजे घसरण भरून निघाली, पण आपण पूर्वी होतो तेथेच आलो. चार मुलांतील तीन मुले तिसरीत असूनही दुसरीचा उतारा वाचू शकत नाहीत. जे मूल तिसरीत वाचत नाही, त्याच्यासाठी चौथीपासूनचे इतिहास, भूगोल, विज्ञान हे सारेच विषय बंद दाराआड राहतात. दहावीच्या पारितोषिकाचा प्रश्न त्याच्यापुरता तेव्हाच निकालात निघालेला असतो.

ही पाहणी खेड्यांतील आहे, आपली बहुतेक कुटुंबे शहरांत आहेत, असे कोणी म्हणतील. पण वाचनाची अडचण शाळेत उघडकीस येत असली तरी तिचे मूळ शाळेपूर्वीच्या वर्षांत असते, आणि त्या वर्षांच्या बाबतीत शहरी घरेही निश्चिंत राहू शकत नाहीत. अक्षर ही भाषेची खूण आहे. भाषाच तोकडी असेल, तर खूण ओळखूनही हाती अर्थ लागत नाही. ‘पाणवठा’ हा शब्द मूल कितीही शुद्ध वाचो. तो त्याने कधी ऐकलाच नसेल, तर ते केवळ चार अक्षरांचे उच्चारण झाले, वाचन झाले नाही.

ही भाषा मूल केव्हा व कशी मिळविते, याविषयी गेल्या अर्धशतकात झालेले संशोधन मोठे उद्बोधक आहे. १९८४ साली वर्कर व टीज या दोन संशोधकांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील तान्ह्या मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. आपल्या भाषेत ‘त’ आणि ‘ट’ हे वेगळे वर्ण आहेत. इंग्रजी कानास हा भेद सहसा जाणवत नाही. परंतु त्याच इंग्रजी घरांतील सहा-आठ महिन्यांची मुले हिंदीतील हा भेद बरोबर ओळखीत होती आणि वर्षाची होईतो ती क्षमता बहुतांशी मावळून जात होती. म्हणजे आपले तान्हे मूल पाळण्यात स्वस्थ पडलेले दिसते, तेव्हा त्याचा कान घरच्या भाषेचे वर्ण निवडून ठेवीत असतो. पाटीपूजनाच्या कितीतरी आधी त्याची शाळा भरलेली असते.

दुसरा प्रयोग पॅट्रिशिया कूल यांचा, २००३ साली प्रसिद्ध झालेला. अमेरिकेतील नऊ महिन्यांच्या मुलांसमोर चिनी भाषा बोलणारी माणसे बारा वेळा येऊन बसली. त्यांनी खेळणी दाखविली, पुस्तके वाचली. ती मुले चिनी वर्ण ओळखावयास शिकली. दुसऱ्या गटातील मुलांस तीच माणसे, तेच बोलणे, परंतु पडद्यावर दाखविण्यात आले. ती मुले काहीही शिकली नाहीत. जेवताना मूल गप्प बसावे म्हणून त्याच्या हाती भ्रमणध्वनी देणाऱ्या प्रत्येक घराने या प्रयोगावर विचार करावा. परगावी वा परदेशी असणाऱ्या आजी-आजोबांनी मात्र यामुळे निराश होऊ नये. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसून आले, की पडद्यावरील व्यक्ती प्रत्यक्ष त्या क्षणी मुलाशी बोलत असेल, त्याच्या हावभावांस प्रतिसाद देत असेल, तर दोन-अडीच वर्षांची मुले तिच्याकडूनही नवे शब्द शिकतात. मुलाचे बोल झेलणारे पलीकडे कोणी असावे लागते.

अमेरिकेत १९९५ साली हार्ट व रिस्ली यांनी ४२ कुटुंबांच्या अभ्यासावरून असा अंदाज मांडला, की चार वर्षांचे होईपर्यंत सुस्थितीतील मुलाच्या कानी गरीब घरातील मुलापेक्षा तीन कोटी शब्द अधिक पडतात. ही संख्या जगभर गाजली. पुढे तिच्यावर टीकाही झाली. कुटुंबे थोडी होती, घरातील इतर माणसांचे बोलणे मोजले नव्हते, असे आक्षेप विद्वानांनी घेतले आणि ते विचारात घेण्यासारखेच आहेत. गरिबाच्या घरी भाषा नसते, असा अर्थ त्यातून कोणी काढू नये. जात्यावरची ओवी काही वाड्यांतून जन्मली नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने अधिक उपयुक्त गोष्ट दाखविली. मुलाच्या कानावर एकूण किती शब्द पडले यापेक्षा मोठ्या माणसाची व मुलाची बोलण्याची देवघेव किती वेळा झाली, याचा मुलाच्या भाषिक वाढीशी अधिक निकटचा संबंध आढळला. आणि तो कुटुंबाच्या मिळकतीवर अवलंबून नव्हता. हे वचन धनाढ्यास सावध करणारे व गरिबास धीर देणारे आहे.

आता आपल्या घरांकडे वळू. आपल्यापैकी अनेक घरांत आज मूल दोन वर्षांचे झाले की त्याच्याशी इंग्रजीत बोलण्याचा आग्रह सुरू होतो. पुढे इंग्रजी शाळेत प्रवेश मिळावा, मुलाखतीत मूल मागे पडू नये, ही माता-पित्यांची धास्ती खरी आहे. तिची थट्टा करण्याचा अधिकार कोणास नाही. मुलास इंग्रजी येऊ नये असे माझे म्हणणे मुळीच नाही. दोन भाषा एकत्र शिकल्याने मुलाचे काही बिघडत नाही. परंतु ज्या घरात इंग्रजी हा रोजच्या जिव्हाळ्याचा व्यवहार नाही, तेथे मुलाच्या वाट्यास किती इंग्रजी येते? ये, बस, खा, नको, हात धू, अशा दहा-वीस आज्ञा आणि काही फळांची व रंगांची नावे. त्या भाषेत आईस रुसवा काढता येत नाही, आजीस गोष्ट सांगता येत नाही. ‘मुलाशी मराठीत बोलू नका, त्याचा गोंधळ होतो’ असे सुनेने वा मुलाने सांगितल्यावर ज्या आजीने तोंड मिटून घेतले, त्या आजीबरोबर त्या मुलाची केवढी मोठी शाळा बंद झाली, याचा हिशेब कोणी मांडला आहे काय? इंग्रजी शाळेतही जे मूल घरी भरपूर बोलले आहे, ज्याने गोष्टी ऐकल्या आहेत आणि ‘का’ हा प्रश्न शंभरदा विचारला आहे, ते मूल नव्या भाषेस अधिक तयारीने सामोरे जाते. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही निदान पाचवीपर्यंत, शक्य तेथे, घरच्या भाषेतून शिकवावे असे सांगितले ते याच कारणास्तव.

या देवघेवीस निराळा खर्च लागत नाही, निराळा तासही लागत नाही. मेथी निवडताना जुडीतील चार काड्या मुलाच्या पुढ्यात टाकाव्या आणि पाने कोणती, देठ कोणते, हे त्यास विचारावे. पोळ्या लाटताना कणकेची एक गोळी त्यास द्यावी आणि त्याने काय केले ते त्याच्याच तोंडून ऐकावे. प्रश्न विचारल्यावर थांबावे. आपणच उत्तर देण्याची घाई करू नये. त्याने ‘भू भू आला’ म्हटले, तर ‘होय, काळा भू भू आला, शेपूट हलवतो आहे’ असे म्हणून त्याचेच वाक्य वाढवून परत द्यावे. पुढे वाचनास जे शब्द लागतात ते असेच एकेक करून जमतात.

समाजाने संघटितपणे हे कार्य करावयाचे ठरविले तर काय होऊ शकते, याचे उदाहरण आपल्याच भूमीत आहे. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगर येथे बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी त्यांच्यासमवेत १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. बालशिक्षण हे शहरातील सुखवस्तूंपुरते राहू नये, या तळमळीने ताराबाई १९४५ साली बोर्डीस गेल्या. तेथेच अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले.

तेथील आदिवासी मुले बालवाडीत येईनात. येणार कशी? धाकट्या भावंडास सांभाळणे, गुरे राखणे ही कामे त्यांच्याच अंगावर. तेव्हा या दोघींनी बालवाडीच पाड्यावर, झोपडीपुढच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणातच शाळा भरविली. माँटेसोरी पद्धतीची महागडी साधने परवडणारी नव्हती, म्हणून खडे, शिंपले, पाने, बिया ही साधने झाली. मुलांस न्हाऊ घालावे, केस विंचरावे, गाणी म्हणावी, गोष्टी सांगाव्या आणि त्यांस बोलते करावे, हा तेथील पाठ्यक्रम. वारली मुलाची घरची बोली पुस्तकी मराठीहून निराळी. तिचा अव्हेर करून भागणार नव्हते. प्रथम मुलाचा विश्वास, मग त्याचे बोलणे आणि त्यानंतर अक्षर, हा क्रम त्यांनी कामातून घालून दिला. त्या अंगणातील प्रयोगाचे नाव पुढे साऱ्या देशाने उचलले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ विभागांत सुरू झाली आणि आज देशात सुमारे १४ लाख अंगणवाड्या आहेत. सरकारने १९६२ साली ताराबाईंस पद्मभूषण व १९८५ साली अनुताईंस पद्मश्री देऊन या कार्याचा सन्मान केला.

दुसरे उदाहरण परदेशचे, परंतु अनुकरणास सोपे. इंग्लंडातील बर्मिंगहॅम शहरात १९९२ साली ‘बुकस्टार्ट’ नावाचा उपक्रम ३०० कुटुंबांपासून सुरू झाला. बाळ सात-नऊ महिन्यांचे झाले की त्याच्या आरोग्यतपासणीच्या वेळीच पालकांच्या हाती एक पिशवी द्यावयाची. तीत बाळासाठी चित्रांचे पुस्तक आणि ग्रंथालयाचे निमंत्रण. एवढीच ती कल्पना. पण पुढे ती देशभर पसरली. जन्मानंतर लगेच, लसीइतक्याच सहजतेने, पुस्तक घरात यावे, हा त्यातील विचार मोलाचा आहे.

कायद्याच्या दृष्टीनेही हे क्षेत्र समाजाच्या प्रयत्नांची वाट पाहत आहे. शिक्षणाच्या हक्काचा कायदा २०१० साली अमलात आला तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. सहा वर्षांखालील मुलांसाठी राज्याने प्रयत्न करावा, एवढेच संविधान सांगते. तेव्हा पहिली सहा वर्षे प्रामुख्याने घराच्या, शेजाराच्या आणि आपल्यासारख्या संस्थांच्या पदरात पडलेली आहेत.

म्हणून मी कार्यकारी मंडळापुढे चार सूचना नम्रपणे ठेवितो.

पहिली सूचना बारशाची. ज्ञातीतील ज्या घरी मूल जन्मेल, त्या घरी संस्थेतर्फे जाड पानांची दोन मराठी चित्रपुस्तके भेट जावीत आणि ती घेऊन जाणाऱ्या भगिनीने घटकाभर बसून, मुलास मांडीवर घेऊन पुस्तक कसे दाखवावे, हे नव्या मातेशी बोलावे. चांदीच्या वाटीची हौस आप्तेष्ट पुरवितीलच.

दुसरी सूचना पुस्तकपेटीची. चाळीस-पन्नास निवडक पुस्तकांची एक पेटी दर महिन्यास एका घराहून दुसऱ्या घरी फिरावी. आज मराठीत लहान मुलांसाठी उत्तम पुस्तके आहेत. माधुरी पुरंदरे यांचे ‘राधाचं घर’ घ्या. त्यात मुलास आपलेच घर, आपलीच माणसे भेटतात. नॅशनल बुक ट्रस्ट व प्रथम बुक्स यांची पुस्तके अल्प किमतीत मिळतात. पुस्तके फाटतील. ती फाटली तर वापरली गेली असे समजून हिशेबात तशी तरतूद करावी.

तिसरी सूचना या सभागृहाविषयी. लग्नसराई सोडली तर ही वास्तू आठवड्याचे पाच-सहा दिवस कुलूपबंद असते. मुंबईच्या वस्त्यांत ‘प्रथम’ने बालवाड्या सुरू केल्या त्या देवळात, मंडळाच्या खोलीत, कोणाच्या घरी, म्हणजे मिळेल त्या जागेत. आपल्याकडे तर स्वतःची जागा आहे. दर शनिवारी सायंकाळी येथे गोष्टींचा तास व्हावा. सांगणारे असावेत आपले निवृत्त सभासद आणि आजीबाई. गोष्ट खानदेशी बोलीत असो, कोकणी वळणाची असो, की वऱ्हाडी ठसक्याची. ती शुद्ध करून सांगण्याची गरज नाही. येथे स्पर्धा ठेवू नयेत, क्रमांक देऊ नयेत, तीन वर्षांच्या मुलाकडून पाठांतराचे प्रदर्शन करवून घेऊ नये. ज्या बोटांस अजून शर्टाची गुंडी लावता येत नाही, त्यांच्यावर अक्षरे गिरविण्याची सक्तीही करू नये. मुलाने चित्र काढावे आणि चित्राखाली त्याने सांगितलेले वाक्य मोठ्याने लिहून त्यास वाचून दाखवावे. आपण बोललो ते कागदावर राहते आणि ते दुसऱ्यास वाचता येते, हा साक्षात्कार झालेले मूल अक्षरांकडे आपण होऊन वळते.

चौथी सूचना खर्चाची. आपल्या वार्षिक पारितोषिकांवर जेवढा व्यय होतो, त्याचा एक दशांश भाग या कार्यासाठी स्वतंत्र काढावा. मोठ्या मुलांच्या शिष्यवृत्तीस धक्का लावू नये. समारंभाच्या हारतुऱ्यांत व मानचिन्हांत काटकसर केली तरी एवढी रक्कम सहज निघेल.

शेवटी एक अवघड प्रश्न उरतो आणि तो टाळणे योग्य होणार नाही. शनिवारच्या तासास या इमारतीच्या पहारेकऱ्याची मुलगी आली, समोरच्या बांधकामावरील मजुराचा मुलगा आला, तर त्यांस आत घ्यावयाचे की नाही? देणग्या ज्ञातिबांधवांच्या आहेत, तेव्हा लाभही ज्ञातीसच व्हावा, असे काही ज्येष्ठ सभासदांचे मत असणार, आणि शिष्यवृत्तीच्या बाबतीत घटनेचे बंधनही असेल. पण पैसा वाटला की कमी होतो. गोष्ट वाटली की कमी होत नाही. वीस मुलांनी ऐकलेली गोष्ट एकविसाव्याने ऐकल्यास वीसजणांचे काही उणे होत नाही. उलट, निरनिराळ्या घरांतील मुले एकत्र आली की निरनिराळे शब्द एकत्र येतात. शाहू महाराजांच्या कोल्हापुरात एका समाजाचे वसतिगृह झाले आणि तेवढ्यावर काम थांबले नाही. ताराबाई तर आपल्या वर्तुळाबाहेरच्या अंगणात जाऊन बसल्या. आपली संस्था या पूर्वसूरींचे नाव आदराने घेते. या सभागृहाचे दार शनिवारी सायंकाळी सर्वांसाठी उघडे ठेवणे, हीच त्यांस खरी वंदना होईल, असे मला वाटते.

गुणवंतांच्या गौरवाची वेळ झाली आहे, तिच्या आड मी येत नाही. पारितोषिक घेऊन खाली उतरणाऱ्या विद्यार्थ्यांस मात्र माझी एक विनंती आहे. आपल्या घरी, शेजारी वा आप्तांत एखादे लहान मूल असेलच. आज रात्री त्यास जवळ बसवून एक गोष्ट सांगा, आणि गोष्ट संपल्यावर त्याची गोष्ट ऐका. कार्यकारी मंडळाने माझ्या सूचना पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर घ्याव्यात, एवढी प्रार्थना आहे.